दर वेळी मीच का बेशुद्ध पडायचं?

नाही, मी काय म्हणते, दर वेळी मीच का बेशुद्ध पडायचं? तुम्हीच सांगा! घरात आम्ही तीन माणसं. सासूबाई म्हणतात, माझे गुडघे धरलेत, मला खाली बसवत नाही, मग पडू कशी? हे म्हणतात, मी पडलो तर मला वाचवणार कोण, शिकून तर मी आलोय! मग राहिलं कोण? मी! संध्याकाळी हे कामावरून येणार, चपला काढणार, हातपाय धुणार, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणणार, "चल, पड बरं." पड बरं! हे काय बायकोशी बोलणं झालं? लोकांचे नवरे म्हणतात, चल जरा फिरून येऊ, चल आज बाहेर जेवू. आमचे हे म्हणतात, पड! बरं, पडायचं म्हणजे तेसुद्धा नीट पडायचं. डोळे मिटायचे, हात सैल सोडायचे, हसायचं नाही, आणि मध्येच "अहो, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?" असं विचारायचं नाही. एकदा विचारलं तर केवढे वैतागले! "बेशुद्ध माणूस शिट्ट्या मोजतो का?" म्हटलं, बेशुद्ध माणसाला खाली लागलेल्या कुकरबद्दल कोणी बोलत नाही, मला बोलतात!

तर तुम्हाला सांगते, ह्या सगळ्याचं मूळ ह्यांच्या एका खोडीत आहे. ह्यांना "पण का?" विचारायची खोड आहे. खुर्च्या बनवायच्या कारखान्यात हे स्टोअरकीपर. खिळे, स्क्रू, पॉलिश, सरस, सगळं ह्यांच्या ताब्यात. आता स्टोअरकीपरनं काय करायचं? मागेल ते द्यायचं आणि सही घ्यायची. पण नाही! सुतार येतो, म्हणतो, मोठे स्क्रू द्या. हे विचारतात, "पण मोठेच का?" तो म्हणतो, साहेबांनी सांगितलंय. "पण साहेबांनी का सांगितलंय?" तो बिचारा परत जातो, साहेबांना विचारतो, आणि गंमत म्हणजे साहेबांनाही ते माहीत नसतं! मी पडदे शिवते, उशांचे अभ्रे शिवते, अगदी लग्नाच्या आधीपासून. ह्या घरात आले तेव्हा माझं मशीन माझ्याबरोबर आलं. तर नव्या बायकोशी चार गोड शब्द बोलायचे सोडून हे मशीनपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "वरचा दोरा वरून येतो, खालचा खालून येतो, मग ते एकमेकांत अडकतात कुठे?" मला काय माहीत! टाका पडत होता, मी शिवत होते. झालं, ह्यांनी मशीन खोललं. मी आधी रुसून बसले, मग जरा लांबून पाहिलं, मग जवळून पाहिलं, आणि मग मीही शेजारी उकिडवी बसले. ह्यांनी चाक हळूहळू फिरवून दाखवलं... सुई खाली जाते, दोऱ्याचा एक फास सुटतो, खालचा हूक तो अलगद पकडतो आणि खालच्या दोऱ्याच्या बॉबिनला वळसा घालून आणतो. बाई गं! इतकी वर्षं माझ्या नाकाखाली रोज हे चाललं होतं आणि मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं!

असो. सांगत काय होते... हां, पडायचं!

तर एक दिवस कारखान्यात सेफ्टीचे साहेब आले. सगळ्यांना एका जागी उभं केलं आणि म्हणाले, "प्रत्येक खात्यातून एकेक माणूस प्रथमोपचार शिकायला पाठवायचाय. कोण जातंय?" जो तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. हे मात्र भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पेटीकडे बघत उभे. म्हणाले, "साहेब, एक विचारू? ह्या औषधांच्या पेटीला कुलूप का?"

साहेब म्हणाले, "आतलं सामान कोणी पळवू नये म्हणून."

"आणि किल्ली?"

"मॅनेजरांकडे."

"आणि मॅनेजर?"

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मॅनेजर रजेवर! हे अगदी साधेपणानं म्हणाले, "म्हणजे बोट कापलं तर मॅनेजर येईपर्यंत धरून ठेवायचं का?" सगळे खो खो हसले. साहेब नाही हसले. म्हणाले, "तुम्हीच जा." आता ह्यात माझी काय चूक होती, सांगा! कुलूप कारखान्याचं, प्रश्न ह्यांचा, आणि बेशुद्ध पडायचं मी?

शिकवायला होत्या एक निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण ह्यांनी घरी इतक्या वेळा नक्कल करून दाखवलीय की रस्त्यात दिसल्या तर ओळखेन. कमरेवर हात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज कसा, तर असा खणखणीत: "धावत सुटायचं नाही! माणूस पडला की तुम्ही धावता, शॉक लागून पडलाय की तेलावरून घसरून पडलाय ते न बघता धावता, आणि मग त्याच्या शेजारी तुम्ही पडता! मग मी एकटी कोणाकोणाला बघू? आधी थांबा. बघा. मग हात लावा!" समोर टेबलावर रबरी बाहुला, कमरेपासून वरचाच. बाकीची मंडळी डुलक्या काढतायत आणि आमच्या ह्यांची आणि सिस्टरची जुगलबंदी चालू. हे म्हणतात, "सिस्टर, घोळणा फुटला की डोकं मागे का करायचं नाही? आम्ही तर लहानपणापासून मागेच करतो."

"मागे केलं की रक्त कुठे जातं?"

"...घशात."

"घशातून?"

"...पोटात."

"मग रक्त थांबलं, का नुसतं दिसेनासं झालं?"

हे घरी आले ते हेच सांगत आले. दारातच! "अगं, डोकं पुढे करायचं आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा, तोंडानं श्वास घ्यायचा! आपण आयुष्यभर रक्त गिळतोय!" सासूबाईंच्या हातात ताट होतं, त्यांनी ते तसंच खाली ठेवलं. म्हटलं, आत तर या, चपला तर काढा, मग गिळू!

आणि मग तुम्हाला सांगते, घराची तपासणी सुरू झाली. स्वतःचं घर, पण हे असे फिरतायत जणू भाड्यानं घ्यायचंय. मिक्सरच्या प्लगपाशी थांबले. "ही वायर काड्यापेटीच्या काड्या खुपसून कोणी बसवली?" मी म्हटलं, "तुम्हीच." "पण का?" "तेव्हा तुम्हाला घाई होती." पुढे सरकले. मोरीच्या कोपऱ्यात सरबताच्या बाटलीत फिनेल. "हे सरबताच्या बाटलीत का?" म्हटलं, "बाटली रिकामी होती म्हणून. आणि वास येतो की!" "सर्दी झालेल्याला येतो का?"  मी गुपचूप बाटली ओतली. मनातून मात्र धस्स झालं हो, कारण गेल्याच आठवड्यात पाहुण्यांना तसल्याच बाटलीतून सरबत दिलं होतं... दिलं ते सरबतच होतं, पण बाई, बाटल्या अगदी जुळ्या!

मग हे पोचले न्हाणीघराच्या दाराशी, सासूबाईंच्या पायपुसण्यापाशी. सासूबाई खुर्चीतून उठल्या. "त्याला हात लावायचा नाही! तुझं नाक वाहत होतं तेव्हापासून आहे ते तिथं. आजवर कोणी पडलं नाही!"

"पण का नाही पडलं, आई? तू कडेकडेनं जातेस म्हणून. माणूस एकदा घाईत मधोमध पाय ठेवतो... हे बघ, असा ठेवला ना, की—"

धप्प!

सांगून पडले! बसकण मारली ती अशी की कपाटावरचे डबे वाजले. मी धावले... म्हणजे आधी थांबले, मग बघितलं, मग धावले, तेवढं माझ्याही डोक्यात बसलं होतं तोवर. आणि हे काय करत होते? कळवळत होते? छे! जमिनीवर बसून मला विचारतायत, "कुठला पाय आधी सरकला? उजवा की डावा? तू बघितलंस?" आईकडे वळून, "आई, तू बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या, "मी तुझं तोंड बघत होते." पण दुसऱ्या दिवशी उठून बघते तर पायपुसणं गायब. कोणी काढलं, कुठे गेलं, कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

आता बेशुद्धीचं ऐका. बेशुद्ध माणूस श्वास घेत असेल तर त्याला कुशीवर वळवून ठेवायचं असतं. एक हात असा, दुसरा गालाखाली, वरचा गुडघा दुमडलेला, हनुवटी जरा वर. ह्याचा सराव रोज माझ्यावर! पहिल्या दिवशी विचारलं मी, "पण कुशीवरच का? उताणं काय वाईट?" बघा, मलाही लागली खोड! हे म्हणाले, "उताण्या माणसाची जीभ मागे पडते, श्वासाची वाट अडते. उलटी झाली तर तीही आतच जाते. कुशीवर असला की सगळं बाहेर येतं." मी तिथेच जमिनीवर पडल्या पडल्या जीभ मागे पडते का करून बघितली. पडते हो! तुम्हीही बघा घरी जाऊन.

पण एक दिवस काय झालं, पडद्यांची मोठी ऑर्डर होती, दिवसभर मशीनवर बसून पाठीचा काटा ढिला झालेला, त्यात हे म्हणाले, पड. मी पडले. ह्यांनी मला कुशीवर वळवलं, गालाखाली हात सरकवला, गुडघा दुमडला... आणि काय सांगू तुम्हाला, इतकं बरं वाटलं, फरशी गार, खिडकीतून वारा... डोळा लागला माझा! खरंच लागला! हे म्हणतायत, "हं, ऊठ आता, झालं," आणि मी उठेना. मग ह्यांची पाचावर धारण बसली. माणसाला घाबरल्यावर पाठ केलेलं तेवढंच आठवतं, नाही का? सिस्टरनी शिकवलं होतं, अनोळखी बाई असली तर खांदे थोपटायचे आणि मोठ्यानं हाक मारायची. तर हे माझे दोन्ही खांदे बदडतायत आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे ओरडतायत, "ताई! ओ ताई! ऐकू येतंय का? डोळे उघडा, ताई!"

मी डोळे उघडले. दारात शेजारीण उभी. तिनं माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि आल्या पावली परत गेली. आता ती जिन्यात भेटली की गोड हसते आणि विचारते, "भाऊ बरे आहेत ना तुमचे?" म्हणजे अब्रू गेली ती माझी! दर वेळी मीच का बेशुद्ध पडायचं, ते सांगा ना!

पण खोटं कशाला बोलू, ह्या बडबडीचा एक दिवस उपयोग झाला. सासूबाईंनी कुकरचं झाकण घाईनं उघडलं आणि वाफ सरळ हातावर. किंचाळल्या! मी धावले टूथपेस्ट आणायला, कारण आपल्याला तेच माहीत, नाही का? हे कुठूनसे आले, आईचा हात धरला आणि नळाखाली. "अंगठी काढ आधी, बोट सुजलं की निघणार नाही." काढली. "बर्फ आणू?" मी विचारलं. "नाही, बर्फानं कातडं आणखी दुखावतं. साधं पाणी." पाणी चालू. थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "झालं, आता आग थांबली." हे हात सोडेनात. "वीस मिनिटं, आई."

"वीस? अरे, टाकी रिकामी होईल! आग थांबली म्हणते ना!"

"आई, तवा गॅसवरून उतरवलास तरी पोळतो ना? तसंच आहे. वरून गार झालं तरी आतलं अजून तापलेलं असतं, ते आत आत भाजत जातं. ते गार व्हायला वेळ लागतो."

सासूबाईंनी टाकीचा विषय सोडला. नळाच्या धारेखाली हात, आणि त्या हाताकडे अशा बघत होत्या, जणू पहिल्यांदाच बघतायत. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी ह्याला लहानपणी भाजल्यावर शाई लावायचे, ती..."

"ती निळी दिसायची, आई. बाकी काही नाही."

मायलेक दोघं हसले. मी नळापाशी स्टूल आणून दिलं, सासूबाई बसल्या, आणि मग त्यांनीच विचारायला सुरुवात केली. फिट आली की कांदा का हुंगवायचा नाही? विंचू चावला तर? हे उत्तरं देतायत, जे माहीत नाही ते "विचारून सांगतो" म्हणतायत, आणि पाणी वाहतंय. हातावर फोड आला तो एवढासाच. डॉक्टर म्हणाले, लगेच पाण्याखाली धरला ते फार बरं झालं.

तरी हे सगळं आपलं किरकोळ. खरं पुढेच आहे.

रविवारी वन्सं आणि त्यांचे यजमान जेवायला आले. यजमान म्हणजे आमचे जावईबापू. सासूबाई तसं म्हणतात म्हणून मीही म्हणते, हे मात्र दाजी म्हणतात. माणूस मोठ्या हापिसात साहेब, अंगानं भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम, आणि गोष्टी सांगायचा भारी नाद. गोष्टी सांगायला हरकत नाही हो, पण जावईबापूंचं जेवण आणि गोष्ट एकाच वेळी चालू. घास आत, शब्द बाहेर, मध्ये एकच रस्ता! त्यात त्या दिवशी त्यांना आमच्या ह्यांची थट्टा करायची लहर आलेली. "काय डॉक्टर! आज किती पेशंट मारले?" वन्सं हसल्या. हेही हसले. हे कधी रागावत नाहीत, तेच माझं दुखणं आहे.

जेवण झालं, मी सफरचंदं चिरून आणली. जावईबापूंनी दोन फोडी एकदम तोंडात टाकल्या आणि गोष्ट काढली. कुठली? त्यांच्या साहेबाचा केसांचा टोप पंख्याच्या वाऱ्यानं उडाला ती. आम्ही ती इतक्या वेळा ऐकलीय की आमच्यातलं कोणीही उभं राहून सांगेल. साहेब उठतो, भाषण सुरू करतो, पंखा सुरू होतो, आणि इथे जावईबापू हात वर करून थांबतात. मग टोप उडतो, मग सगळे हसतात. पण त्या दिवशी ते साहेब खुर्चीवरून उठायच्या आधीच थांबले. "आणि आमचे साहेब असे—" बस्स. गप्प!

आता जावईबापू गप्प झाले म्हणजे काय, कोणाला वाईट वाटेल का? सासूबाई खुर्चीत जरा सैलावल्या. वन्संनी मला विचारलं, "पडद्यांचं कापड कुठून आणतेस गं?" मीही सांगायला लागले. अगदी खरं सांगते, मनात म्हटलं, बरं झालं, थांबले. एकट्या ह्यांनी मान वर केली. एकट्या ह्यांच्या मनात आलं, "पण इथे का थांबले?" नंतर मला म्हणाले, "अगं, गोष्टीत तिथे थांबायची जागाच नाही ना!"

हे उठले. धावले नाहीत. समोर जाऊन वाकून विचारलं, "दाजी, घशात अडकलंय का? खोकता येतंय?"

जावईबापूंनी मान हलवली. नाही. हात गळ्याशी, तोंड उघडं आणि त्यातून आवाज म्हणून नाही. चेहरा लाल, मग कसासाच काळसर. खोकलासुद्धा नाही हो! मला वाटायचं, घास अडकला की माणूस खोकतो, ठसकतो, घर डोक्यावर घेतो. इथे सगळं निःशब्द. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आणि मग एकदम कल्लोळ! सासूबाई म्हणतात, "वर बघा! जावईबापू, वर बघा!" वन्संनी पाण्याचा तांब्या उचलला, "पाणी! पाणी घ्या!" हे ओरडले, जन्मात पहिल्यांदा बहिणीवर ओरडले, "पाणी नाही!" आणि सरळ तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तू. फोन उचल आणि अँब्युलन्सला बोलाव. तूच." ते का, तर सिस्टरनी सांगितलं होतं, "कोणीतरी फोन करा" म्हटलं की कोणीच करत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. वन्संच्या हातातून तांब्या पडला, पण फोन उचलला त्यांनी.

ह्यांनी जावईबापूंना पुढे वाकवलं, एक हात छातीखाली, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं खांद्यांच्या मध्ये एक सणसणीत ठेवून दिली. मग दुसरी. तिसरी. सासूबाई डोळे झाकून उभ्या. पाच झाल्या. काही नाही. मग हे मागे गेले, कमरेभोवती हात घातले... आणि हात पुरेनात! आमचे हे म्हणजे काडी, जावईबापू म्हणजे कपाट. ह्यांचा गाल त्यांच्या पाठीवर दाबलेला, बोटं बोटांना कशीबशी लागतायत. मला म्हणाले, "पुढून धर ह्यांना, पडू देऊ नकोस!" मी धरलं. दोन्ही खांदे धरले. आणि एवढ्या जवळून मी त्यांचे डोळे बघितले... नाही, ते जाऊ दे. ह्यांनी मूठ बेंबीच्या वर ठेवली आणि आत-वर असा झटका दिला. एक. दोन. त्यांचं वजन माझ्यावर येतंय, येतच चाललंय... तिसरा!

फोड अशी सुटली की माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर टप्पकन आपटली. आणि मग एक श्वास. घर्र करून, लांबलचक, बिजागरी गंजलेलं दार उघडावं तसा. इतका कर्कश आवाज, पण तुम्हाला सांगते, आमच्यातलं प्रत्येक माणूस तो कान देऊन ऐकत होतं.

जावईबापू खुर्चीत बसले. वन्सं त्यांना मिठी मारून रडायला लागल्या. सासूबाई एकदा लेकीच्या पाठीवरून हात फिरवतायत, एकदा जावयाच्या. आणि जावईबापूंचे पहिले शब्द काय असावेत? "आता बरंय. अँब्युलन्स कशाला? लोक बघतील!" पण ह्यांनी ऐकलं नाही. पोटात झटके दिले की आत कुठे दुखावलंय का ते डॉक्टरांनी बघायलाच हवं असतं. नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" तर जावईबापू आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ह्यानं मारलं." डॉक्टर म्हणाले, "कुठे?" "आधी पाठीत. मग पोटात." डॉक्टरांनी त्यांना तपासलं, सगळं ठीक निघालं, मग ते ह्यांच्याकडे वळले. "कुठे शिकलात?" हे म्हणाले, "कारखान्यात." डॉक्टरांनी हात पुढे केला. ह्यांना आधी कळलंच नाही तो कशासाठी, मग मिळवला.

घरी आलो. हे सरळ स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला म्हणून मी आत गेले, तर हे हात धुतायत. साबण लावतायत, धुतायत, परत लावतायत.  मी नळ बंद केला. म्हटलं, "काय झालं?"

म्हणाले, "त्या रबरी बाहुल्याचे डोळे मिटलेले असतात गं."

मी साबण त्यांच्या हातातून काढून घेतला.

"दाजी शेवटपर्यंत माझ्याकडे बघायला मान वळवत होते. मला एकच वाटत होतं, हात पुरले नाहीत तर? मला सगळ्याचं का माहीत होतं, पण पुरले नाहीत तर काय, ते मी सिस्टरना विचारलंच नव्हतं."

एवढे प्रश्न विचारणारा माणूस, आणि हाच एक राहिला! मी त्यांचे हात पदरानं पुसले. मग आम्ही दोघं तिथेच ओट्याला टेकून जमिनीवर बसलो. मी म्हटलं, "उद्या जाऊन विचारा." म्हणाले, "हो." आणि गेले हो, खरंच गेले! सिस्टरनी सांगितलं, माणूस फार जाड असला किंवा बाई गरोदर असली की पोटावर नाही, छातीच्या मधोमध दाबायचं. ते करून बघायचं होतं. कोणावर? विचारू नका. पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

आता तुम्ही म्हणाल, जावईबापूंनी उपकार मानले असतील, चार लोकांत नाव काढलं असेल. काढलं ना! नवी गोष्ट तयार झालीय त्यांची. परवाच आमच्या समोर, आमच्याच घरी, पाहुण्यांना सांगत होते: "घास अडकला, पण मी घाबरलो नाही! ताबडतोब पुढे वाकलो, पोट आत खेचलं, आणि असा जोर लावला म्हणता! आमचा मेव्हणा होता तिथे, तो आपला मागून गुद्दे घालत होता. लग्नातला काही राग असेल!" सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत जाऊन ह्यांना म्हटलं, "ऐकताय ना? तुम्ही गप्प का?"

हे म्हणाले, "सांगू दे गं. सांगायला माणूस राहिलाय ना."

राहिलाय, चांगला धडधाकट राहिलाय, सुखात राहो! दर रविवारी येतात, तीच गोष्ट पहिल्यापासून सांगतात, आणि आम्ही सगळे आपापला घास हातात धरून, श्वास रोखून ऐकतो. हे तर ताट सोडून त्यांच्या खुर्चीच्या मागेच उभे असतात.

कारण अजूनही तोंड भरलेलं असतानाच सांगतात हो!